तिऱ्हाईत कॅमेरा



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटले, ‘एका कंपनीचा कॅमेरा, दुसऱ्या कंपनीची जोडणीची डबी आणि आपण लिहिलेला प्रोग्राम, यांचे सूत कसे जुळवावे यावर बोलेन.’ चिटणीस सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी नकार दिला नाही. एवढेच म्हणाले, ‘सर, काल संतवाङ्मय झाले, उद्या शेतीच्या पाण्यावर आहे. मध्ये हे बसेल ना?’ बसते की नाही ते आपण तासाभराने ठरवावे. मी पदार्थविज्ञानाचा मास्तर; तीसएक वर्षे मुलांना शिकवले, त्यामुळे कंटाळलेले चेहरे ओळखण्याची सवय मला आहे. आपण संकोच करू नये.

प्रथम या समोरच्या ध्वनिक्षेपकाकडे पाहा. माइक एका कंपनीचा, ॲम्प्लिफायर दुसऱ्या कंपनीचा, कर्णे तिसरीकडचे. मंडपवाल्याच्या पोराने संध्याकाळी साडेपाचला वायर खुपसली, दोनदा ‘हॅलो, हॅलो’ म्हटले आणि तो चहाला निघून गेला. त्याला कुणाला पत्र लिहावे लागले नाही की सीडी शोधावी लागली नाही. असे का? कारण खुंटी केवढी असावी आणि तारेतून येणारा आवाज किती क्षीण असावा, हे फार पूर्वी ठरून गेले आहे आणि ते सर्वांना ठाऊक आहे. कॅमेरा आणि संगणक यांच्यात असे काही ठरायला बराच काळ लागला. काही बाबतीत ते अजूनही ठरलेले नाही.

संगणकाच्या व्यापारात अशा बाहेरच्या उत्पादकाला जे इंग्रजी नाव आहे, त्याला आपल्या कोर्टकचेरीच्या भाषेत जुना आणि नेमका शब्द आहे : तिऱ्हाईत. ज्या सॉफ्टवेअरमध्ये आपण प्रोग्राम लिहितो त्याचा कर्ता हा एक पक्ष. ते वापरणारे आपण, दुसरा पक्ष. आणि चित्र पकडणारे यंत्र ज्याने बनवले तो तिऱ्हाईत. त्याने पहिल्याला शब्द दिलेला नसतो आणि आपल्यालाही, पावतीपलीकडे, काही दिलेले नसते.

आता गोष्ट सांगतो. २०१४ सालचा उन्हाळा. आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांचा ध्यास मधाचा. म्हणजे मध खाण्याचा नव्हे, मधातल्या परागकणांचा. मधाचा थेंब पाण्यात विरघळवून, फिरवून, तळाशी बसलेला गाळ काचपट्टीवर घेतला की मधमाशी कोणकोणत्या फुलांवर गेली होती ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. जांभळाचा कण वरून पाहिला तर त्रिकोणी, गवताचा वाटोळा आणि एका छिद्राचा, जास्वंदीचा मोठा, गोल आणि काटेरी. एका नमुन्यात निदान दोनतीनशे कण मोजावे लागतात. एखाद्या जातीचे कण शेकडा ४५ हून अधिक भरले तर ती जात त्या मधात प्रधान मानण्याचा संकेत आहे. सह्याद्रीतले मधपाळ बाटलीवर ‘जांभळाचा मध’ अशी चिठ्ठी लावतात. त्या चिठ्ठीचा खरेखोटेपणा या मोजणीवर टेकलेला असतो.

बाई वीस वर्षे हे डोळ्यांनी मोजत आल्या होत्या. त्या साली डॉक्टरांनी त्यांना बजावले की सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणे आता पुरे. सूक्ष्मदर्शकावर १९९८ साली घेतलेला एक कॅमेरा होता. तो दूरदर्शनसंचाला जोडता येई आणि चित्र झकास देई. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी कण मोजणारा प्रोग्राम लिहायचे कबूल केले. कॅमेऱ्याची वायर संगणकात घालण्यासाठी बाजारातून एक हाताच्या बोटाएवढी डबी आणली. एका टोकाला पिवळी खुंटी, दुसऱ्या टोकाला यूएसबी. दुकानदार म्हणाला, ‘सर, सीडी टाका, लगेच दिसतं.’

आणि खरोखरच दिसले! सीडीतला प्रोग्राम उघडला आणि परागकण पडद्यावर आले. बाईंना आनंद झाला. मग मुलांनी तो प्रोग्राम बंद न करताच आपला चालू केला. काही नाही. बंद करून पुन्हा चालू केला. या वेळी चित्र आले, पण ते अमावास्येच्या रात्रीचे. चौकट आहे, आत सगळे काळे. बाई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘सर, सीडीतल्या प्रोग्रामला दिसतं, मग आपल्या प्रोग्रामला का दिसत नाही?’

भगिनींनो आणि बंधूंनो, आजचे सारे व्याख्यान म्हणजे बाईंच्या या एका प्रश्नाचे उत्तर आहे. ते उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही.

तारेतून येते काय, ते आधी पाहू. त्या जुन्या कॅमेऱ्यातून चित्र येत नसे, येई तो विजेचा एक चढउतार. आपल्या देशात दूरदर्शनने स्वीकारलेली पद्धत पाल नावाची. तीत एका चित्राच्या ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रे. अमेरिकेची पद्धत निराळी, ५२५ रेषांची आणि सेकंदाला जवळजवळ ३० चित्रांची. डबीतली चिप हा चढउतार क्षणोक्षणी मोजते आणि आकडे करते. ६२५ पैकी चित्राच्या कामी येतात त्या ५७६ रेषा. प्रत्येक रेषेवर ७२० ठिकाणी मोजमाप. म्हणजे एका चित्राचे ४,१४,७२० बिंदू झाले. प्रत्येक बिंदूला दोन बाइट धरा आणि २५ ने गुणा : सेकंदाला २,०७,३६,००० बाइट. यूएसबीच्या पहिल्या पिढीची वाट सेकंदाला फार तर पंधरा लाख बाइट नेई; दुसऱ्या पिढीची, कागदावर का होईना, सहा कोटी. म्हणून अशी डबी जुन्या खाचेत घातली तर ती मुकी राहते किंवा चित्र फाडून टाकते आणि आपण उगाच प्रोग्रामला दोष देत बसतो. आमचीही एक दुपार त्यात गेली.

आकडे संगणकाच्या दारापर्यंत आले, की ते आत घेणारा एक द्वारपाल लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. नाव फसवे आहे. तो काही चालवत नाही. त्या विशिष्ट चिपला काय विचारले की ती काय उत्तर देते, एवढे त्याला पाठ असते. पण प्रोग्राम लिहिणाऱ्याने जगातल्या हजार चिपांचे हजार द्वारपाल ओळखावे तरी किती? म्हणून प्रत्येक संगणकप्रणालीने एक सार्वजनिक खिडकी ठेवली. मायक्रोसॉफ्टने १९९२ साली व्हिडिओ फॉर विंडोज आणले, नंतर डायरेक्टशो, त्यानंतर मीडिया फाउंडेशन. लिनक्समध्ये व्हिडिओ फॉर लिनक्स. त्याची आजची दुसरी आवृत्ती २००२ पासूनची. द्वारपालाने आकडे या खिडकीत आणून द्यावेत, प्रोग्रामने खिडकीतून घ्यावेत, दोघांनी एकमेकांचे तोंड पाहण्याचे कारण नाही, अशी ही व्यवस्था. १९९९ साली इंटेलमध्ये सुरू झालेली ओपनसीव्ही ही लायब्ररी आमची मुले वापरत होती. ती या खिडक्यांपाशी उभी राहते आणि प्रोग्रामला म्हणते, तू फक्त ‘शून्य नंबरचा कॅमेरा’ असे म्हण, पुढचे मी पाहते.

आता काळ्या चित्राचे कारण लक्षात येईल. पहिली गोष्ट, चित्र पाठवणारे यंत्र एका वेळी बहुधा एकाच मागणाऱ्याला चित्र देते. सीडीतला प्रोग्राम उघडा होता तोवर आमचा दाराबाहेर उभा. दुसरी गोष्ट सूक्ष्म आहे. आमच्या डबीला दोन तोंडे होती, पिवळी खुंटी आणि चार टाचण्यांची एक काळी खुंटी. सीडीतला प्रोग्राम उघडताक्षणी चिपला गुपचूप सांगे की पिवळीकडे पाहा, पाल पद्धत धर. आमच्या प्रोग्रामने यातले काहीच सांगितले नव्हते. चिप बिचारी काळ्या खुंटीकडे, जिथे काहीच जोडलेले नव्हते तिथे, इमानाने पाहत बसली होती आणि तिथला काळोख आम्हाला पाठवत होती. तिसरे कारण आमच्या नशिबी नव्हते, पण पुष्कळांच्या असते : काही उत्पादक सार्वजनिक खिडकीचा वापरच करीत नाहीत. त्यांचा स्वतःचा प्रोग्राम मागच्या खासगी दाराने आत जातो आणि त्या दाराची किल्ली कुणाला देत नाहीत. अशा यंत्राचे चित्र जगाला दिसेल, आपल्या प्रोग्रामला कधीच नाही.

विद्यापीठांतून आणि कारखान्यांतून मॅटलॅब नावाचे गणिती सॉफ्टवेअर फार वापरतात. त्यात चित्र पकडण्यासाठी निराळे टूलबॉक्स मिळते. त्यांनी खिडकीच्या अलीकडे आणखी एक दुभाषा बसवला, त्याला ॲडॉप्टर म्हणतात. प्रत्येक जातीच्या यंत्राला एक. तिऱ्हाइताचे यंत्र त्यांच्या यादीत नसेल तर त्याने स्वतः सी-प्लस-प्लस भाषेत दुभाषा लिहावा आणि मॅटलॅबकडे त्याची नोंद करावी, अशी सोय आहे. सोय चांगली. पण दुभाषा ३२ बिटांचा आणि मॅटलॅब ६४ बिटांचे असेल तर दोघे एका खोलीत बसू शकत नाहीत. काही वर्षांपूर्वी विकत घेतलेली उत्तम कार्डे केवळ एवढ्यामुळे कपाटात गेली.

आमचेही तेच झाले. काळ्या चित्राचा उलगडा होऊन दोन दिवस काम सुरळीत चालले, तोच वरून आदेश आला की विंडोज एक्सपीचे सारे संगणक काढून टाका. आदेश योग्यच होता. त्याच एप्रिलात मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभाल बंद केली होती. नवा संगणक ६४ बिटांचा. सीडीतला द्वारपाल ३२ बिटांचा. नव्याने जुन्याला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिले नाही. सीडीवर उत्पादकाचा पत्ता नव्हता. दुकानदार म्हणाला, ‘सर, तो माल आता येत नाही. दुसरी घ्या.’

या ठिकाणी मला थोडे मागे जायचे आहे, कारण ‘दुसरी घ्या’ हे उत्तर ज्यांनी ऐकून घेतले नाही अशा माणसांमुळे आमचे काम पुढे निभावले. अमेरिकेत सॅन डिएगोला ब्रुकट्री नावाची कंपनी होती. तिने १९९० च्या दशकाच्या मध्याला बीटी ८४८ ही चिप काढली. दूरदर्शनचे चित्र संगणकात आणणाऱ्या कार्डांत ती अफाट वापरली गेली. चिप एकच, पण कार्ड बनवणारे पन्नास. आणि प्रत्येकाने चिपभोवतीची तारजोडणी आपापल्या मर्जीने केलेली. एकाने आवाजाची कळ या टाचणीला बांधली, दुसऱ्याने त्या. चिपशी कसे बोलावे हे ठाऊक असूनही कार्ड मुके राही, किंवा चित्र येई आणि आवाज येत नसे. १९९६ पासून राल्फ आणि मार्कस मेट्झलर यांनी आणि १९९९ नंतर गेर्ड क्नोर यांनी लिनक्ससाठी या चिपचा द्वारपाल लिहिला आणि वाढवला. त्याच्याबरोबर एक यादी आहे. शून्य क्रमांकाला ‘अज्ञात’ कार्ड, आणि पुढे दीडशेहून अधिक कार्डे, प्रत्येकाला क्रमांक. आपले कार्ड कोणते ते पाहावे आणि द्वारपालाला तो क्रमांक सांगावा. ही यादी एका माणसाची किंवा एका कंपनीची नाही. ज्याच्याकडे जे कार्ड होते त्याने ते उघडून, चाचपून, कुठल्या टाचणीला काय बांधले आहे ते कळवले. गावोगावच्या विहिरींच्या पाण्याची पातळी शाळामास्तरांनी मोजून कळवावी, तसे.

बोटाएवढ्या डब्यांची कथा याच्या पुढचे पाऊल आहे. बाहेरून एकाच साच्यातून काढल्यासारख्या, कित्येकदा एकच नाव छापलेल्या डब्या बाजारात असतात, आणि आत मात्र निरनिराळ्या वंशांच्या चिपा : एकीत सिंटेकची एसटीके ११६०, एकीत एम्पियाची ईएम २८६०, एकीत सोमॅजिकची, एकीत यूटीव्ही ००७. खोक्यावरून काहीही कळत नाही. पण यूएसबीला जोडलेले प्रत्येक यंत्र संगणकाला आपले दोन क्रमांक सांगते. एक घराण्याचा, एक स्वतःचा. एसटीके ११६० असेल तर ती ०५ई१ आणि ०४०८ असे सांगते. हे दोन क्रमांक म्हणजे तिची खरी कुळकथा. पुढे कुणाला अशी डबी चालवायची वेळ आली तर सीडी शोधण्याआधी हे दोन क्रमांक पाहावेत, असे मी आवर्जून सांगेन.

आमच्या मुलांनी तेच केले. एका टाकून दिलेल्या संगणकावर लिनक्स घातले, डबी खुपसली, दोन क्रमांक पाहिले, आणि ते क्रमांक प्रणालीत आधीच असलेल्या द्वारपालाच्या यादीत सापडले. सीडी लागली नाही. चित्र आले, पण वरून खाली धावणारे आणि रंगहीन. तोवर आम्ही शहाणे झालो होतो. द्वारपाल सुरुवातीला अमेरिकन पद्धत धरून चालला होता; त्याला पाल सांगितली आणि चित्र स्थिरावले. मग मुलांनी ते दुसऱ्या एका लायब्ररीला पडद्यावर दाखवायला दिले, तर सॅफ्रनिनने लाल रंगवलेले परागकण गर्द निळे! एका मुलाने थट्टेने आपला चेहरा कॅमेऱ्यापुढे धरला. तो साक्षात श्रीकृष्ण दिसू लागला. ओपनसीव्ही निळा-हिरवा-लाल या क्रमाने रंग ठेवते, कारण ती जन्मली त्या काळी कॅमेरेवाल्यांत आणि विंडोजवाल्यांत तो क्रम रूढ होता; इतर बहुतेक जग लाल-हिरवा-निळा म्हणते. क्रम उलटला, मुलगा पुन्हा आपल्या वर्णावर आला.

इथवर सांगितले त्या साऱ्या अडचणी प्रामाणिक अडचणी होत्या. चित्र नाही, काळे आहे, धावते आहे, निळे आहे. डोळ्यांना दिसते म्हणून दुरुस्त करता येते. खरे संकट यानंतर आले आणि ते आले तेव्हा सगळे व्यवस्थित चालले होते.

मोजणी सुरू होऊन आठवडा झाला होता. बाई एकदा वही घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, ‘सर, या नमुन्यात शेजारशेजारच्या दोन जागी तंतोतंत सतरा, सतरा आलेत. पुढे तेवीस, तेवीस. निसर्ग इतका नीटनेटका नसतो.’ मुलांनी शोध घेतला. द्वारपाल आलेली चित्रे चारपाच कप्प्यांत रांगेने ठेवतो. प्रोग्राम एक चित्र घेऊन कण मोजायला तीनचार सेकंद लावी, तोवर रांगेत मागचीच चित्रे साचून राहत. बाई काचपट्टी सरकवून कळ दाबीत तेव्हा प्रोग्राम रांगेतले सर्वांत जुने चित्र उचली, म्हणजे सरकवण्याआधीचे. एक जागा दोनदा मोजली जाई आणि कुठली तरी एक मुळीच नाही. जांभळाचे कण चुकून दाट असलेली जागा दोनदा मोजली गेली तर शेकडा ४१ चे ४६ व्हायला वेळ लागत नाही आणि मग बाटलीवरची चिठ्ठी बदलते. यावरचा उपाय हास्यास्पद वाटावा इतका सोपा : कळ दाबल्यावर आधी साचलेली पाचसहा चित्रे टाकून द्यायची आणि मग घ्यायचे. पण त्या आठवड्याची सारी मोजणी बाईंनी फाडून टाकली. मी म्हटले, ‘बाई, सगळीच कशाला? काही तर बरोबर असतील.’ त्या म्हणाल्या, ‘कोणती, ते सांगा.’ मला सांगता आले नाही.

दुसरी चूकही बाईंनीच पकडली, आणि ती पकडण्याची रीत मला अजून मोठी वाटते. परागकणांच्या वर्णनात कणाच्या ध्रुवांमधली लांबी भागिले मध्यावरची रुंदी, असे एक गुणोत्तर काढतात. गुन्नार एर्ड्टमन या स्वीडिश परागशास्त्रज्ञाने त्याचे वर्ग रूढ केले : १.०० ते १.१४ पर्यंत एक, १.१४ ते १.३३ पर्यंत दुसरा, असे. आमचा प्रोग्राम हे गुणोत्तर दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत देई आणि मुलांना त्याचा फार अभिमान. बाईंनी एके सकाळी आवारातले जास्वंदीचे फूल आणले, त्याचा पराग काचेवर झटकला आणि म्हणाल्या, ‘याचं काढा.’ जास्वंदीचा कण चेंडूसारखा गोल, उत्तर १.०० च्या आसपास यायला हवे. आले १.०७. दुसरा कण, १.०७. तिसरा, १.०६. बाई हसल्या. म्हणाल्या, ‘फूल चुकलं नाही.’

चूक अशी होती. चौकोनी पडद्याची लांबी-रुंदी चारास तीन. पण ७२० आणि ५७६ यांचे प्रमाण काढा, ते पाचास चार येते. म्हणजे चिप जे बिंदू मोजते ते चौरस नसतात. उंचीपेक्षा थोडे रुंद असतात. आमचा प्रोग्राम त्यांना चौरस समजत होता, त्यामुळे सारे जग आडव्या दिशेने सहाएक टक्क्यांनी चेपले जाई. ज्याचे खरे गुणोत्तर १.२० असा एखादा कण काचेवर उभा पडला तर आम्ही १.२८ लिहीत होतो आणि तोच आडवा पडला तर १.१२, म्हणजे एकच कण, कसा निजला आहे त्यावरून, दोन वेगळ्या वर्गांत!

मग सीडीतल्या त्या पहिल्या प्रोग्रामला कण गोल कसे दिसत होते? मला उत्सुकता होती म्हणून मी जुना संगणक भंगारात जाण्याआधी एकदा पुन्हा लावून पाहिला. तो प्रोग्राम चित्र ताणून ६४० बाय ४८० करून दाखवी, म्हणजे बरोबर चारास तीन. त्याने आमची चूक आमच्या नकळत झाकली होती. बाईंचा प्रश्न आठवतो ना, त्याला दिसतं मग आपल्याला का नाही? त्याला जे दिसत होते ते शिजवून वाढलेले होते. आम्ही कच्चे धान्य मागितले होते आणि ते कच्चे आहे हे आम्हाला कळले नव्हते.

किती पटीने ताणायचे, याला पुस्तकांत दोनतीन वेगवेगळे आकडे मिळतात, प्रत्येकाची बाजू खरी. बाईंनी पुस्तक मिटायला सांगितले. सूक्ष्मदर्शकासाठी एक काचेची पट्टी मिळते, तीवर एका मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेले असतात. ती आडवी ठेवून मोजली, काटकोनात फिरवून उभी मोजली. जो फरक आला तो प्रोग्रामला सांगितला. पुन्हा जास्वंद : १.००, ०.९९, १.०१. त्या दिवशी बाईंनी आम्हा सर्वांना चहा पाजला.

आज कुणी नवा कॅमेरा घेतला तर या अडचणींपैकी निम्म्या त्याला ठाऊकही होणार नाहीत. २००३ साली यूएसबीच्या संघटनेने सर्व चित्रयंत्रांसाठी एक समान बोली ठरवली, यूएसबी व्हिडिओ क्लास. ही बोली बोलणारा कॅमेरा कुणाचाही असो, प्रणालीतला एकच द्वारपाल त्याला ओळखतो. घरोघरच्या संगणकावर नातवंडांशी बोलताना आपल्याला सीडी टाकावी लागत नाही, त्याचे हे कारण. कारखान्यांच्या कॅमेऱ्यांसाठी युरोपातल्या संघटनेने २००६ साली जेनआयकॅम आणले. त्यात कॅमेरा आपल्या साऱ्या गुणांची पत्रिका स्वतःच्या पोटातच घेऊन येतो आणि प्रोग्राम ती वाचून घेतो. अशी पत्रिका सर्वच स्थळांबरोबर आली असती तर पुष्कळ आईबापांची सोय झाली असती. पण बोली समान झाली म्हणून प्रत्येक बिंदू खरा होतो असे नाही. पुष्कळ नवे कॅमेरे आपण न मागता चित्र उजळवतात, कडा रेखीव करतात, रंग सुधारतात. आणि ते सारे चेहऱ्यासाठी ठीक असले तरी परागकणासाठी नाही. खरेदीच्या वेळी मी आता दुकानदाराला तीनच गोष्टी विचारतो : हा सार्वजनिक बोली बोलतो का, आपोआप होणाऱ्या सुधारणा बंद करता येतात का, आणि हे लिहिलेला कागद मिळेल का. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी शांतता असते.

बाई २०१९ साली निवृत्त झाल्या. जुना कॅमेराही पुढे दोन वर्षांनी थकला. त्याच्या जागी आलेल्या नव्या कॅमेऱ्याचे बिंदू चौरस आहेत, रांगेचा घोळ नाही. तरी प्रयोगशाळेत एक नोंदवही आहे. रोज पहिली काचपट्टी जास्वंदीची. एकदा उभी, एकदा आडवी, दोन्ही आकडे आणि सही. नव्या मुलांना याचे कारण ठाऊक नसते. एकाने मला विचारले की ही काही पूजा आहे का.

चिटणीसांच्या परवानगीने मी ती जुनी डबी, सूक्ष्मदर्शक आणि एक संगणक त्या खांबाजवळच्या टेबलावर मांडून ठेवला आहे. जास्वंद सभागृहाच्याच अंगणातली आहे. संगणकावरची ताणण्याची दुरुस्ती मी मुद्दाम काढून ठेवली आहे. जाताना ज्यांना वेळ असेल त्यांनी कण गोल दिसतो की लांबट ते स्वतः पट्टी लावून पाहावे.